खंबायतची भरती, तापीकाठची दवंडी

पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्याच्या ठिकाणी आपत्ती निवारणाच्या बैठका भरतात. नदीकाठच्या गावांच्या याद्या निघतात, होड्या-दोरखंडांची मोजदाद होते, तालुक्याला परिपत्रके जातात. या सगळ्या कागदांत एक शब्द मात्र सहसा दिसत नाही, तो म्हणजे समुद्र. जळगाव-धुळ्याच्या माणसाला समुद्राशी काय देणे-घेणे, असेच कुणीही म्हणेल. समुद्र आपल्यापासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर. तिथे भरती आली काय अन् ओहोटी लागली काय, आपल्या केळीला आणि कपाशीला त्याचे काय?

देणे-घेणे आहे, आणि ते तापीमायने जोडून दिलेले आहे. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या खाली खंबायतच्या आखाताजवळ समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्यातला जवळजवळ पाच हिस्स्यांपैकी चार हिस्से भाग महाराष्ट्रात. म्हणजे सुरतेच्या पुलाखालून जाणारे पाणी बव्हंशी आपल्याच शिवारांतून, नाल्यांतून वाहत गेलेले असते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि पश्चिमेला समुद्राकडे उघडे तोंड, अशी आपल्या खोऱ्याची ठेवण आहे. याच तोंडातून सुरत-भुसावळ रेल्वे आत येते आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वाराही आत येतो.

आधी भरतीचे बघू. चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. रोजची वेळ आदल्या दिवशीपेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणूनच कोकणातला कोळी पंचांगातल्या तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. खंबायतचे आखात बाहेर रुंद आणि आत निमुळते, नरसाळ्यासारखे आहे. त्यामुळे आत शिरलेले पाणी दाबले जाऊन उंच चढते. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी साडेचार-पाच मीटरच्या घरात असते, तर आखाताच्या आत भावनगरकडे ती दहा मीटरच्या आसपास जाते. देशात एवढी मोठी भरती दुसरीकडे क्वचितच.

आता याचा नदीशी संबंध कसा? तापीचे मुख याच आखाताजवळ. उधाणाची भरती आत चढू लागली की नदीचे पाणी समुद्रात पडायला वाट राहत नाही. ते थबकते, मागे फुगते. ओहोटी लागली की मग झपाट्याने निघून जाते. नदीला पूर नसेल तेव्हा याची कुणाला फिकीर नसते. पण वरून लोंढा आणि खालून उधाण अशी गाठ पडली की मधल्या वस्तीचे काय होते, ते २००६ साली सगळ्या देशाने पाहिले.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तापीच्या वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला. उकाई धरण भरत आले आणि ७ ऑगस्टपासून विसर्ग वाढवत न्यावा लागला. तो कमाल सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत गेला. ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. म्हणजे उधाणाचे दिवस. सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, अनेक माणसे दगावली, घराघरांत चिखल साचला. पाणी आधी का सोडले नाही, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. १९६८ सालचा मोठा पूर उकाई नसताना आला होता, हा मात्र एवढे मोठे धरण उभे असताना आला. धरण असले म्हणजे पूर संपला, ही समजूत त्या आठवड्यात वाहून गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उगाच गैरसमज होईल. समुद्राची भरती काही उकाई ओलांडून नंदुरबारला किंवा शिरपूरला येत नाही. तिचा जोर सुरतेच्या परिसरातच संपतो. पण जो खेळ सुरतेत समुद्र तापीशी खेळतो, तोच खेळ आपल्याकडे तापी आपल्या नद्या-नाल्यांशी खेळते. तापी दुथडी भरून वाहत असली की वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, सुकी या नद्यांचे पाणी तिच्यात सहज पडत नाही. नाल्यांचे तर मुळीच नाही. मग ते पाणी मागे तुंबते आणि तापीपासून आत असलेल्या शेतांत पसरते. "आमच्याकडे पाऊस नव्हता, मग पाणी कुठून उना?" असे गावकरी विचारतात. ते याच फुगवट्याचे पाणी. कोळ्याला भरतीचे जे गणित ठाऊक असते, तेच नाल्याकाठच्या शेतकऱ्याला तापीचे ठाऊक असले पाहिजे.

दुसरा मुद्दा धरणाच्या पोटाचा. भुसावळ तालुक्यातले हतनूर धरण तापी-पूर्णा संगमाच्या खाली आहे. ४१ दरवाजे, पण साठा ३८८ दशलक्ष घनमीटरचा, तोही गाळाने कमी झालेला. उकाईची मूळ क्षमता याच्या एकोणीसपट, सुमारे ७,४०० दशलक्ष घनमीटर. एक लाख क्युसेकचा लोंढा दिवसभर चालला तर सुमारे २४५ दशलक्ष घनमीटर पाणी येते. म्हणजे हतनूर अगदी रिकामे असले तरी असा पूर त्याला पावणेदोन दिवसांच्या आत काठोकाठ भरील. हतनूर पूर थोपवण्यासाठी नाहीच, ते आलेले पाणी पुढे जाऊ देते. दरवाजे उघडले म्हणून अधिकाऱ्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. प्रश्न दरवाजे उघडण्याचा नाही, उघडण्याआधी खालच्या गावाला किती तास मिळाले आणि जे सांगितले ते गावाला कळले का, याचा आहे.

तिसरा मुद्दा समुद्राच्या उबेचा. पाण्याचे तापमान म्हणजे काय, हे केळी बागायतदाराला शिकवायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की रावेर-यावलचा शेतकरी रात्री विहिरीचे पाणी बागेला देतो आणि बांधावर धूर करतो. का? तर विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते आणि ती ऊब हळूहळू सोडते. समुद्र म्हणजे अशीच एक अफाट विहीर. उन्हाळाभर साठवलेली ऊब तो वाफेच्या रूपाने हवेला देतो. पृष्ठभागाचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर असले की चक्रीवादळाला खाद्य मिळते. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत एक अंशाहून अधिक तापला आहे आणि तिथली वादळे वाढली आहेत, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि जमिनीवरून ईशान्येकडे सरकत उत्तर महाराष्ट्रावरून गेले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' थेट गुजरातच्या किनाऱ्यावर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बंगालच्या उपसागरातून आलेले 'गुलाब' वादळ जमिनीवरून क्षीण होत महाराष्ट्र ओलांडून खंबायतच्या आखाताकडे पोचले, तिथल्या पाण्यावर पुन्हा जोर धरला आणि 'शाहीन' नावाने ओमानकडे गेले. मरायला टेकलेले वादळ गरम पाणी लागताच उठून बसले. ही ताकद पाण्याच्या उबेची.

उलट बाजूही आहे. दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी तापले, ज्याला एल निनो म्हणतात, की आपल्याकडे पाऊस ओढ घेण्याची शक्यता वाढते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा एल निनोच होता. म्हणजे कोरड्याचे आणि ओल्याचे, दोन्ही दुखण्यांचे मूळ पाण्याच्या तापमानाशी जाऊन भिडते.

मग हे सगळे मोजणारे कुणी आहे की नाही? आहे. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था लाटांची उंची, भरती, पाण्याचे तापमान रोज जाहीर करते. हवामान खाते पावसाचा आणि वादळाचा अंदाज देते. केंद्रीय जल आयोग बुऱ्हाणपूर, भुसावळ, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा अशा ठिकाणी तापीची पातळी मोजतो. आज हे आकडे मोबाइलवरही पाहता येतात. आकड्यांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो आकडा गावाच्या मापात सांगणाऱ्याचा.

किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला सांगताना यंत्रणा त्याच्या भाषेत सांगते: लाट एवढ्या मीटरची, वारा एवढा, अमुक तारखेपर्यंत समुद्रात जाऊ नका. तो होडी वर ओढतो, विषय संपला. आपल्या तापीकाठच्या शेतकऱ्याला काय सांगितले जाते? "हतनूरमधून इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. हे पाठ असले तरी त्यावरून माझ्या मळ्यातली मोटार बुडेल की नाही, गावचा फरशीपूल जाईल की राहील, हे कसे कळावे? पातळी सांगितली तर ती समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. गावाला माप ठाऊक असते ते महादेवाच्या मंदिराच्या पायऱ्यांचे, घाटावरच्या वडाचे, स्मशानभूमीच्या ओट्याचे. 'सतर्क राहावे' या दोन शब्दांवर कुणी गुरे सोडत नाही आणि मोटारही काढत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे, आणि त्याला मोठा निधीही लागत नाही.

नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पूरखुणा लावाव्यात. शाळेच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर, मंदिराच्या पायरीवर रंगाचा पट्टा ओढावा आणि २००६ सालचे पाणी कुठवर आले होते ते जुन्याजाणत्यांना विचारून लिहावे. पुढच्या प्रत्येक पुरात हतनूरचा किंवा सुलवाड्याचा विसर्ग किती होता आणि आपल्या खुणेवर पाणी कुठे होते, याची एका वहीत नोंद ठेवावी. दोन-चार पावसाळ्यांत त्या वहीतून गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होईल. मग क्युसेकचा आकडा आला की पोलीस पाटील सांगू शकेल, की आज पाणी तिसऱ्या पायरीला लागणार, नाल्यापलीकडचे मळे रिकामे करा.

पाटबंधारे खात्याने विसर्ग वाढवायचा तर शक्यतो दिवस मावळण्याआधी गावांना कळवावे, आणि पाणी कुठल्या गावाला साधारण किती वाजता पोचेल तेही सांगावे. मोबाइलवरचा संदेश झाला तरी कोतवालाची दवंडी आणि मंदिराचा भोंगा सोडू नये. वीज गेली, टॉवर बंद पडला, की हेच कामाला येते. तलाठी-ग्रामसेवकांची पदनामे आता बदलली असतील, पण रात्री-अपरात्री गावाने हाक मारावी असे माणूस तेच.

तापीवर धरण आहे म्हणून निदान निरोप तरी येतो. छोट्या नद्यांना तोही नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला पहाटे चाळीसगाव तालुक्यात तितूर आणि डोंगरी नद्या एकाएकी फुगल्या. डोंगरात पाऊस कोसळला होता आणि खालची गावे झोपेत होती. गुरे दावणीलाच गेली. अशा ठिकाणी वरच्या गावाने खालच्या गावाला फोन करायचा, एवढी साखळी जरी बांधली तरी तासभर हाती लागतो. गोठ्यातले दावे कापायला तासभर पुरतो.

आणि पंचांग तर घरोघरी आहेच. भरल्या पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमा जवळ आली, वर बुऱ्हाणपूर-बैतूलकडे झड लागली, की समजावे खाली सुरतेला उधाण आहे आणि उकाईला पाणी सोडताना हात आखडता घ्यावा लागणार. उकाईचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांपर्यंत येतो. तिथल्या लोकांनी त्या दिवसांत जास्त डोळसपणे राहावे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांच्या यंत्रणांनी एकमेकांना आकडे कळवणे तर कर्तव्यच आहे. नदीला राज्याची हद्द कळत नाही, आणि सुरतेतल्या माणसाचा जीव आपल्या हतनूरवरून वेळेत गेलेल्या निरोपावरही अवलंबून असतो, हे आपणही विसरू नये.

पूर आल्यावर पंचनामे होतात, पुढारी पाहणीला येतात, नुकसानभरपाईच्या याद्या लागतात. वरातीमागून घोडे नाचवायची आपल्याला सवयच झाली आहे. यंदा निदान रंगाचा एक डबा आणि शंभर पानी वही, एवढा खर्च ग्रामपंचायतीने पहिल्या पावसाआधी करावा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणी मांडतो का, तेवढे बघा. नाही मांडला, तर तुम्ही मांडा.