राजुलचं गाणं म्हणू द्या



माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न यंदा मोडलं. साखरपुडा झाला होता, साड्याही घेऊन झाल्या होत्या. जो तो तिला एकच सांगत होता, "विसर आता." परवा ती आमच्याकडे आली आणि मूग निवडता निवडता आपणहून राजुलचं गाणं म्हणू लागली. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "हे रडगाणं नको गं, आणखी जिवाला लागेल."

मला हे पटत नाही. वीस वर्षांपूर्वी माझंही असंच ठरलेलं मोडलं होतं, तेव्हा मलाही सगळ्यांनी गप्पच बसवलं. गप्प बसून काही विसरलं गेलं नाही. रोज रात्री उशीच ओली व्हायची. आमच्या आजीने मात्र जवळ बसवून हेच गाणं शिकवलं. एकेक कडवं, पाठ होईपर्यंत.

राजुलची कथा आपल्याला माहीत आहेच. वरात दारात आली, कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ फिरवला आणि गिरनारची वाट धरली. मला यात सगळ्यात मोठं हे वाटतं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, तरीही राजुलचं दुःख खोटं नव्हतं. आपल्या पूर्वजांनी ते दडपलं नाही. 13व्या शतकात विनयचंद्रसूरींनी जुन्या गुजरातीत राजुलचा बारमासा रचला. त्यात ती एकेका महिन्याचं दुःख सखीला सांगते, सखी समजूत घालते, ती ऐकत नाही. एका मुनींनी परित्यक्त वधूच्या तोंडी एवढं रडणं घातलं, आणि आपण घरच्या लेकीला दोन कडवी म्हणू देत नाही!

कुणी म्हणेल, हे तर इष्टवियोगाचं आर्तध्यान, त्याने कर्मबंध होतो. शंका रास्त आहे. तेच तेच मनात घोळवत बसलं तर होतोच. पण गाण्याला शेवटचं कडवं असतं, बारमासाला बारावा महिना असतो. उशीत तोंड खुपसून रडण्याला असा शेवट नसतो. आणि राजुलही रडत बसली नाही, तिने दीक्षा घेतली. पुढे गुहेत रथनेमीचं मन ढळलं तेव्हा त्याला ताळ्यावर आणणारी तीच, हे उत्तराध्ययन सूत्रात आहे. (आपण प्रत्येकीने दीक्षाच घ्यावी असं नव्हे. मी तर संसारात पुरती बुडाले आहे!)

भाची मधल्या एका कडव्याला अडखळली. मी पुढची ओळ दिली, जाऊबाईंकडे न बघता. दिवस कलला होता, स्वयंपाक राहिला होता, तरी तिचं गाणं संपेपर्यंत मी गॅस पेटवला नाही. मग घाईने खिचडी टाकली. सूर्य मावळायच्या आत जेवणं मात्र झाली, आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.