साउंड कार्ड घेण्याआधी



माझ्या अम्मीच्या गोष्टी आणि तिची बोली घरात जपून राहावी, म्हणून माझ्या मुलीने नानीला कॉम्प्युटरसमोर बसवून रेकॉर्डिंग केले. रात्री ऐकायला घेतले, तर नुसती खरखर. ‘क़ाफ’ आणि ‘काफ’ यांतला फरकही कळेना. दुकानदार म्हणाले, “मॅडम, नवीन साउंड कार्ड लागेल.” लागलेही, पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी घरीच तपासता येतात.

माइक आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा, कदाचित दोष त्याचाच असेल. पुढच्या खाचेऐवजी कॅबिनेटच्या मागच्या गुलाबी खाचेत लावा. पुढच्या खाचेची वायर आतून लांबवर फिरते आणि खरखर पकडते. सेटिंगमध्ये माइकचा ‘बूस्ट’ फार वाढवला असेल तर कमी करा. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. तसा माइक वेगळ्या गुलाबी खाचेत नीट चालत नाही, त्याला स्प्लिटर लागतो.

आमच्याकडे मागची खाचच सैल झाली होती. अशा वेळी दोन पर्याय. केवळ बोलणे रेकॉर्ड करायचे असेल तर यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड पुरते. ते स्वस्त असते आणि कॅबिनेट उघडावे लागत नाही. माइक, स्पीकर सगळे कायमचे मागे जोडून ठेवायचे असेल तर आतले कार्ड घ्या. आमच्याकडे लहान मुले यूएसबीला लावलेली वस्तू ओढतात, म्हणून आम्ही आतले घेतले. मात्र आतल्या कार्डाने प्रत्येक खरखर जातेच असे नाही.

विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानात दाखवा. जुना पीसीआय स्लॉट आणि नवा पीसीआय एक्स्प्रेस वेगळे. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीची पट्टी असलेले कार्ड मागा.

बसवताना कॉम्प्युटर बंद करून सगळ्या वायरी काढा. पॉवरचे बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. अंगातल्या स्थिर विजेने कार्ड बिघडू शकते. स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड कडांना धरून सरळ दाबा आणि स्क्रू लावा. कॉम्प्युटर सुरू करून ड्रायव्हर टाका आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये नवे कार्ड निवडा. स्पीकरची पिनही जुन्या खाचेतून काढून कार्डाच्या हिरव्या खाचेत लावा. हे विसरल्यामुळे पुष्कळ जण “कार्डच खराब निघाले” म्हणत दुकानात परत जातात.

आमचे काम तासाभरात झाले. मुलगी म्हणाली, “नानी, पुन्हा सांगा ना.” अम्मीने सांगितल्या, आवाजही स्वच्छ आला. पण पहिल्या दिवशीची एक गोष्ट तिला पुन्हा तशी आठवली नाही. ती आता त्या खरखरीतच राहिली.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जपायचा असेल, तर आधी एक मिनिट रेकॉर्ड करा, ऐका आणि मगच त्यांना बोलायला बसवा. कार्ड पुन्हा विकत मिळते.