पडसे नव्हे, वावडे!

दिवाळीआधीचे आठ दिवस म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या लेखी शिंकांचे दिवस. घरोघर माळे उतरतात, ट्रंका उघडतात, गाद्या गच्चीवर नेऊन बडवल्या जातात. आणि लगोलग आया आपापली मुले घेऊन दवाखान्यात हजर होतात. "डॉक्टर, याचे पडसे काही हटत नाही हो! दही बंद केले, केळे बंद केले, गार पाण्यात खेळणे बंद केले. आता आणखी काय बंद करू?"

बाई, या पोराने आपले काय घोडे मारले? दह्याने तरी काय केले?

खरे पडसे विषाणूमुळे होते. अंगात कसकस असते, घसा खवखवतो आणि आठ-दहा दिवसांत सारे आटोपते. पण ज्या मुलाला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळच लागते, नाकातून पाणी गळते, नाक-डोळे खाजतात, ताप मात्र नसतो, आणि हे महिनोन्महिने चालते, त्याच्या नाकाला बहुधा कशाचे तरी वावडे असते. असे मूल तळहाताने नाक खालून वर चोळत राहते. पुढे पुढे नाकावर एक आडवी रेघच उमटते. घरात कुणाला दमा किंवा इसब आहे का, हे मी विचारतो ते उगीच नव्हे. वावड्याची प्रवृत्ती घराण्यातून येते.

'वावडे' हा आपला शब्द किती नेमका आहे! व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ग्रीक शब्दांवरून 'अ‍ॅलर्जी' हे नाव बनवले. प्रकार असा की, शरीराचा रखवालदार निरुपद्रवी दूधवाल्याला दरोडेखोर समजून शिट्ट्या फुंकू लागतो. तो 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड तयार करून ठेवतो. पुढे तोच पदार्थ नाकात शिरला, की पेशींतून हिस्टामीन सुटते, आणि मग शिंका, खाज, पाणी!

हा दूधवाला कोण? पुष्कळदा तो गादीतच असतो. लायडनच्या व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या डच संशोधकांनी १९६४ साली दाखवले, की घरातल्या धुळीचा खरा त्रास एका सूक्ष्म किड्यामुळे होतो. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. अन्न म्हणजे आपल्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा. तो चावत नाही. त्याची विष्ठा धुळीबरोबर नाकात जाते, तिचे वावडे. मुंबई-कोकणची दमट हवा त्याला फार मानवते. त्याखेरीज झुरळे, ओलीच्या भिंतीवरची बुरशी, मांजर-कुत्रे आणि फुलांचे पराग आहेतच. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले आणि आता देशभर पसरलेले काँग्रेस गवतही त्यातलेच.

तेव्हा मायबापहो, झाडलोट अवश्य करा. पण त्या वेळी मुलाला शेजारी धाडा, आणि कोरड्या फडक्याऐवजी ओले फडके घ्या. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवा. गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घाला. कापसाचे अस्वल धुता येत नसेल, तर त्याची पलंगावरून बदली करा. यांतल्या एकट्या उपायाने काम भागत नाही. चार गोष्टी एकत्र कराव्या लागतात. उदबत्ती, मच्छरांची कॉइल आणि फटाके यांचा धूर म्हणजे वावडे नव्हे. पण सुजलेल्या नाकाला तो झोंबतो, म्हणून मुलापासून तो दूरच बरा.

औषधांचे म्हणाल, तर आता फारशी झोप न आणणारी औषधे आहेत. नाकात फवारायच्या स्टेरॉइडचे नाव काढताच आया दचकतात; पण ते नाकापुरतेच, अल्प मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली असते. खरी भीती बाळगायची ती चोंदलेले नाक चटकन मोकळे करणाऱ्या थेंबांची. मनाने आणून ते दिवसामागून दिवस घातले, की नाक उलट अधिकच चोंदते. आणि मुलाच्या छातीत शिट्टी वाजू लागली, धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना गाठा. नाक आणि छाती सख्खी भावंडे आहेत.

"एवढ्याशा शिंकांचे काय घेऊन बसलात?" असे कुणी म्हणेल. माझ्याकडच्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्गात लक्ष नसते' हा शेरा ठरलेला. घरीही त्याचे नाव 'आळशी'च पडले होते. रात्रभर नाक चोंदलेले, तोंडाने श्वास, झोप धड नाही. मग सकाळी गणितात लक्ष लागावे कसे? उपचार सुरू झाले, पोर झोपू लागले, आणि काही महिन्यांनी शेराही बदलला. तोवर मात्र बिचाऱ्याने दोन वर्षे बोलणी खाल्ली होती, आणि 'पडसे होईल' म्हणून त्याचे क्रिकेटही बंद होते.

नुसते नाकाचे वावडे असलेल्या मुलाला अन्नामुळे त्रास होणे विरळाच. म्हणून यंदा भाऊबीजेला त्याच्यापुढची श्रीखंडाची वाटी ओढू नका. ओढायचेच असेल, तर त्याच्या डोक्याखालच्या उशीचा अभ्रा ओढा, आणि आधी तो धुवायला टाका!