तुकोबांचा दाखला देण्यापूर्वी

पीक गेलं, घरातलं माणूस गेलं, की कुणीतरी ओट्यावर येऊन सांगतंच, ‘देव परीक्षा बघतोय.’ दुसरा कुणी म्हणतो, ‘देव असता तर असं झालं असतं का?’ हे दोघे एकमेकांचे विरोधक समजले जातात. मला ते भागीदार वाटतात. देव म्हणजे विमा कंपनी, हे दोघांनाही मान्य. वाद फक्त दावा मंजूर होणार की नाही एवढाच.

१६३० ते १६३२चा दख्खनचा दुष्काळ घ्या. पिठात हाडांचा भुगा मिसळून विकला गेल्याची नोंद शाहजहानच्या दरबारी इतिहासात आहे. त्याच दुष्काळात देहूच्या तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे.

परीक्षावाले नेमका त्यांचाच दाखला काढतात. दिवाळं निघालं ते बरंच झालं, असं तुकोबाच देवाला म्हणाले ना? म्हणाले. पण स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, आणि तेही सगळं भोगून झाल्यावर. दुसऱ्याच्या मयताला जाऊन ‘बरं झालं’ म्हणायचा परवाना त्यातून कुणाला मिळत नाही. शिवाय याच तुकोबांनी विठ्ठलाला निष्ठुर म्हटलं, आपल्या लेखी देव मेला इथवर बोलून गेले. निमूट सोसणं म्हणजेच श्रद्धा मानणाऱ्यांना हे अभंग अडचणीचे वाटतात, म्हणून कीर्तनात ते सहसा ऐकू येत नाहीत. पण जो नाहीच, त्याच्याशी इतकं हातघाईवर कोण येईल? मला तर देव सोबत असल्याची खात्री या भांडणातच सर्वांत जास्त दिसते.

आणि भरवसा नुसता बोलण्यात राहिला नाही. मोडकळीला आलेलं देऊळ त्यांनी दुरुस्त केलं. परंपरा सांगते, की धाकट्या भावाशी, कान्होबांशी, कर्जखतांची वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कुळं मोकळी झाली.

‘मग हे माणसानं केलं, देवानं काय केलं?’ हा प्रश्न येणारच. तुकोबांना देव आणि माणूस अशी ही वाटणीच मंजूर नव्हती. गांजलेल्याला जो आपलं म्हणतो तिथेच देव ओळखा, असं त्यांचं सांगणं. बुद्धिवाद्याला हे पटायलाच हवं असं नाही. त्यानं निदान कुणाची फसवणूक केलेली नाही. परीक्षावाल्याला मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही, कारण ओट्यावर येऊन धीर देणाऱ्यांत पुष्कळदा सावकारही असतो आणि कर्जखतं त्याच्या पेटीत शाबूत असतात.