मालवण : घराघरांत उतरणारे पाहुणे

मालवणात हॉटेले उशिरा आली. त्याआधी येणारा माणूस कुणाच्या तरी घरी उतरायचा. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आपल्या घरी यायचे. कामाधंद्यासाठी आलेल्या परक्याला ओळखीतली पडवी मिळायची. आज तारकर्ली, वायरी, देवबाग या गावांतून फिरताना माडांच्या सावलीत घरांवर ज्या पाट्या दिसतात, त्या या सवयीतूनच उगवल्या आहेत. घराला दोन-तीन खोल्या वाढवायच्या, सकाळी घावणे-चटणी द्यायची, दुपारी त्या दिवशी बाजारात आलेले मासे रांधायचे. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने अशा घरांना नोंदणी दिली आणि दूरच्या पाहुण्याचा भरवसा वाढला. पण योजनेच्या आधी घर होते, आणि घरात स्वयंपाक सांभाळणारी बाई होती. मालवणच्या पर्यटनाचा कणा तीच आहे. तिच्या हातच्या जेवणासाठी कोल्हापूर-पुण्याची कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच घरी परत येतात.

हवा या गावाच्या बाजूने आहे. महाबळेश्वरात शाली निघतात त्या डिसेंबर-जानेवारीतही इथल्या समुद्रात सहज उतरता येते. चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यभरातले पोहणारे सागरी जलतरण स्पर्धेला जमतात, तेही डिसेंबरातच.

बहुतेक पाहुण्यांची पहिली धाव अर्थात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे असते. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, पोर्तुगीज आणि इंग्रज समुद्रावर हक्क सांगत होते. अशा वेळी शिवाजी महाराजांनी मालवणसमोरचे कुरटे बेट निवडले. बेटाभोवती खडकांचे जाळे होते, आणि वाट माहीत नसलेले जहाज त्यात अडकणार हे उघड होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मुहूर्त झाला. किनाऱ्यावरच्या ज्या खडकावर पूजा झाली, तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही दाखवतात. त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत बांधकाम उभे राहिले. पायाचे दगड बसवताना शिसे ओतले गेले. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आणि आतली जागा ४८ एकर.

होडी तटाजवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, कारण तो वळणात लपवलेला आहे. आत महाराजांच्या हातापायांचे ठसे म्हणून जपलेल्या दोन घुमट्या आहेत. राजाराम महाराजांनी उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरातली मूर्ती पाहून अनेक जण थबकतात. दाढी नसलेले, वीरासनात बसलेले, डोक्यावर नावाड्यासारखा टोप घातलेले शिवाजी महाराज शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांशी जुळत नाहीत. समुद्रावर राबणाऱ्या लोकांनी आपला राजा आपल्या वेषात पाहिला असावा, असे ती मूर्ती पाहताना वाटते. पण किल्ल्यातली सर्वांत थोर गोष्ट म्हणजे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे पिण्याचे पाणी. त्यांच्या भरवशावर इथे फौज राहिली, आणि काही कुटुंबे आजही राहतात. पाहुण्याने तटावरून चक्कर मारून अर्ध्या तासात परतीची होडी गाठू नये. विहिरीपाशी थांबावे, तिथल्या माणसांशी बोलावे.

सिंधुदुर्ग एकटा नव्हता. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे त्याचे सोबती. पुढे किल्ला कोल्हापूरकरांकडे गेला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि तहानंतर परत केला. नाव टिकले नाही. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले.

त्यानंतर हे गाव बंदर म्हणून जगले. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत इकडे यायची आणि खोल पाण्यात उभी राहायची. उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर आणावे लागे. मुंबईच्या गिरण्यांत आणि छापखान्यांत कामाला गेलेली कित्येक मालवणी माणसे याच पडावांतून गेली. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर मालवणचेच, मेढ्यातल्या त्यांच्या जन्मस्थानी त्यांनी उभारलेले जय गणेश मंदिर आज पाहुण्यांच्या यादीत असते. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांतून गाजवले आणि मालवणी बोली नागपूर-सोलापूरच्या प्रेक्षकांच्याही कानात बसली. माणूस तारकर्लीची वाळू बघायला निघण्याआधीच त्याला मालवणी ऐकायची ओढ लागलेली होती, हे पर्यटनाच्या हिशेबात कुणी धरत नाही. धरायला हवे.

१९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला आणि त्याने किल्ल्याचेच नाव घेतले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणला आजही स्टेशन नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून रस्त्याने यावे लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळही सुरू झाला.

पाण्याखालचे मालवण लोकांसमोर आले ते याच काळात. किल्ल्याभोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे, त्यात रंगीत मासे वावरतात. १९८७ मध्येच इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता, पण विश्वासात न घेता आखलेल्या रेषा मच्छीमारांना जाचक वाटल्या आणि विरोध पेटला. गंमत अशी की ज्या गाबीत समाजाच्या पोटाचा प्रश्न होता, त्याच समाजातली तरुण मुले पुढे पाहुण्यांना हात धरून पाण्याखाली नेऊ लागली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. लहानपणापासून याच खडकांवर कालवे काढत वाढलेल्या मुलाला कुठल्या दगडामागे कोणता मासा बसतो हे ठाऊक असते. प्रमाणपत्र त्याला नंतर मिळते.

मात्र हौसेपायी सुरक्षेकडे दुर्लक्ष परवडत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट मागून घ्यावे, होडीवाला नाही म्हणाला की ऐकावे, भरलेल्या होडीत चढू नये. समुद्राकाठच्या माणसाने ‘आज नको’ म्हटले तर त्यामागे अनेक पिढ्यांचा अनुभव असतो.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर बाकीचे बेत बाजूला ठेवावेत. होडीतून लांबलचक जाळे अर्धगोलात सोडतात आणि दोन्ही टोके वाळूवरून माणसे ओढतात. वीस-पंचवीस जण, कधी त्याहून जास्त. ओढायला लागलेल्या प्रत्येक हाताला वाटा मिळतो. बांगडा, तारली, पेडवे वाळूवर येतात तेव्हा टोपल्या घेऊन बायका तयारच असतात. या रापणीला गेली काही वर्षे खोल समुद्रातल्या पर्ससीन जाळ्यांनी घेरले आहे. किनाऱ्याकडे येणारे थवे आधीच उचलले जातात. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०२१ मध्ये कायदा कडक झाला, तरी किनाऱ्यावरची तक्रार थांबलेली नाही. पाहुण्याच्या ताटातला बांगडा या भांडणाशी थेट जोडलेला आहे. रापण बंद पडली, तर न्याहारी-निवासाच्या घरातली बाई मासे आणणार कुठून?

ताटाचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबायला हवे. मालवणी जेवण तिखट असते अशी समजूत बाहेरच्या खाणावळींनी पसरवली. घरच्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे असतात, त्यांचा वास आधी येतो आणि जिभेला हलकी झिणझिणी आणतो. आमटीला ओल्या खोबऱ्याचे वाटप, आंबटाला कोकम, शेवटी सोलकढी. उकड्या तांदळाचा भात. सणाला वडे आणि कोंबडीचा सागोती-रस्सा, नाहीतर शिरवाळे आणि नारळाचा गोड रस. जत्रेतून घरी न्यायचे ते गुळात घोळवलेले, आल्याच्या चवीचे खाजे.

आणि जत्राही साध्या नाहीत. मसुरे गावातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगात सापडत नाही. तारीख वाडीतली माणसे देवीचा कौल घेऊन ठरवतात, मग मुंबईत रजेच्या अर्जांची धांदल उडते. आचऱ्याची रीत तर आणखी विलक्षण. तिथल्या रामेश्वराने कौल दिला, की काही वर्षांतून एकदा सगळा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. घरे रिकामी ठेवून लोक माळावर आणि खाडीकाठी चुडतांच्या झोपड्यांत राहतात, एकत्र रांधतात, भजने म्हणतात. याला गावपळण म्हणतात. सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांच्या मुलखात गावकऱ्यांनी स्वतःसाठी राखलेली अशी सुट्टी दुसरीकडे क्वचितच असेल.

किनाऱ्यापासून आत वळले तर धामापूरचा तलाव लागतो. १५३० च्या सुमाराचा, भगवती मंदिराला लागून असलेला, आजही शेतीला पाणी देणारा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला. देवबाग हे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधले चिंचोळे गाव. संगमाचे फोटो सगळेच काढतात, पण लाटांनी किनारा खात आणल्यामुळे दगडी बंधाऱ्यांच्या मागे राहणारी घरेही त्याच गावात आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये राजकोटावर महाराजांचा पुतळा उभारला गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला. साडेतीनशे वर्षांचा तट समोर उभा असताना ते घडले, म्हणून मालवणच्या मनाला ते अधिक लागले. २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा आला, आणि त्याच वर्षी जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्गही आहे. आता गर्दी वाढेल. ती किल्ल्यावरच्या कुटुंबांना, होडीवाल्यांना आणि वायरी-देवबागच्या घरांना पोसणारी असावी, मोठ्या बांधकामांसाठी माडांच्या बागा विकत घेणारी नसावी, ही इथली मागणी रास्त आहे.

पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते आणि जाळीही वर ठेवलेली असतात. नारळी पौर्णिमेला बंदरावर सारे मालवण लोटते. किल्ल्यावरून मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, मागोमाग गावातले व्यापारी आणि मच्छीमार आपापले नारळ सोडतात. मग बाजारात नारळ लढवायला सुरुवात होते. एकाने नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका मारायचा, फुटेल तो हरला. आता बायकांच्या स्पर्धाही रंगतात, आणि कोणता नारळ टणक हे आधी कानाजवळ वाजवून पारखून घेण्यात त्या पुरुषांना हार जात नाहीत.