गाडी घेताय? 'ऑन-रोड' आकड्याची फोड मागा; 'हँडलिंग'चे पैसे तिथेच लपतात

नागपूर : सोयाबीनचे पैसे हातात आले की काटोल, उमरेड, रामटेककडची मंडळी गाडी पाहायला नागपूर गाठतात. जाहिरातीत किंमत एक असते, काउंटरवर सांगितलेली दुसरीच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'ऑन-रोड एवढेच पडतात.'

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. दुकानदाराने जास्त मागितले तर गोणी दाखवून भांडता येतं. गाडीवर अशी किंमत छापलेली नसते. कंपनी एक्स-शोरूम किंमत जाहीर करते, त्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा लागतो. हा खर्च खरा आहे. पण काही ठिकाणी याच बेरजेत 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' आणि न मागितलेल्या ॲक्सेसरीज घुसवल्या जातात. हँडलिंग हा सरकारी कर नाही. तो पैसा आरटीओकडे जात नाही, डीलरकडेच राहतो.

जुन्या लोकांना बजाज चेतकचे दिवस आठवत असतील. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचं, नाहीतर वरचे पैसे मोजून दुसऱ्याची गाडी घ्यायची. तेव्हा वरचे पैसे उघड मागितले जात. आता ते बिलाच्या ओळीत बसतात, एवढाच फरक.

यात करकपातीचा फायदाही गिळला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. समजा, कराआधी गाडी ८० हजारांची आहे. आधी ती १ लाख २ हजार ४०० ला पडायची, आता ९४ हजार ४०० ला. वाचले ८ हजार. त्यावर हँडलिंगचे दीड हजार आणि ॲक्सेसरीजचे साडेतीन हजार लागले, तर हाती उरले फक्त तीन हजार.

मग करायचं काय? ॲडव्हान्स देण्याआधी लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा. टॅक्स आणि नोंदणीची सरकारी पावती मागा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर जाब विचारा. नव्या गाडीच्या किमतीत ती धरलेली असते.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र हातात कागद हवा. तोंडी सांगितलेला 'ऑन-रोड' आकडा आयोगासमोर टिकणार नाही.