झाकली मूठ आणि पोरांच्या मोबाईलवरचं कर्ज

"हल्लीची पोरं उधळी झालीत." हे वाक्य मी पारावर ऐकलं, टपरीवर ऐकलं, परवा तर एका प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकलं. पुण्याला शिकायला गेलेलं पोरगं लोन ॲपच्या कचाट्यात सापडलं की सगळा दोष त्याच्या बुटांना आणि बर्गरला. मला हे मान्य नाही.

मंडळी, पोरगं बारावीपर्यंत तुमच्याच घरात असतं. सोसायटीचं पीककर्ज थकलंय, आडत्याकडून उचल घेतलीय, थोरलीच्या लग्नाचं देणं अजून फिटलेलं नाही, यातलं त्याला काय सांगता? "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो." विषय निघाला की आवाज खाली. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोरगं यातून एकच शिकतं: कर्ज ही लपवायची गोष्ट. मग अठराव्या वर्षी मेसचे पैसे थकले की ते बापाला फोन करत नाही, ॲप उघडतं.

आता हिशेब बघा. समजा 3000 रुपये मागितले. फी कापून हातात 2400, आणि सातव्या दिवशी 3000 परत. म्हणजे आठवड्याला 25 टक्के. सरळव्याजाने वर्षाचे 1300 टक्के! गावातला सावकारसुद्धा लाजेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच नियम केलेत की वार्षिक दर आधी सांगायचा, मोबाईलमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही. बेकायदा ॲपवाले ते कशाला पाळतील? त्यांचा धंदाच "मामाला फोन लावू का?" या धमकीवर चालतो. आणि धमकी चालते, कारण घरी कळायची भीती आपणच पेरलेली असते.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. महाडीबीटीची शिष्यवृत्ती अनेकांच्या खात्यात वर्ष सरत आल्यावर पडते, खोलीचं भाडं तोवर थांबत नाही. (यावर वेगळं लिहिणार आहे.)

पण गंमत बघा. आई बचत गटात जाते. तिथे कुणी किती कर्ज उचललं, कुणाचा हप्ता चुकला, सगळं बैठकीत उघड बोललं जातं, वहीत लिहिलं जातं. त्याने कुणाची अब्रू जात नाही. तीच आई घरी पोरासमोर गप्प. का, तर "पोराला टेन्शन नको."

बरं. मग रात्री अकराला वसुलीवाल्याचा फोन येतो, तेव्हा त्याला काय येतं?